दीड वाजताचा दहीभात

जेवण थंड झालं म्हणून कुरकुरणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत, आणि त्यांत माझाही नंबर बराच वर लागेल. पण जेवण वेळेवर थंड व्हावं म्हणून पहाटे साडेचारला उठणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या ऑफिसातले मोजणीकाका. आईवडिलांनी ठेवलेलं एक रीतसर नाव त्यांना होतं, पण ते फक्त कागदोपत्री. तीस-बत्तीस वर्षं लोकांची शेतं मोजत हिंडल्यामुळे ते सगळ्यांचेच मोजणीकाका. आमची कंपनी जमिनी मोजून नकाशे काढून देणारी, आणि तिचं ऑफिस हैदराबादेत आबिड्सला एका चपलांच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायला म्हणून मी पुण्याहून इथे आलो. पुण्याचा माणूस कुठेही गेला तरी तिथे काय नाही ते आधी बघतो. त्याप्रमाणे मी पहिल्याच दुपारी विचारलं, "इथे मायक्रोवेव्ह कुठे आहे?" नकाशावर ओणवे झालेल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "कायकू? बिमार आहेस काय?"

ऑफिसात मायक्रोवेव्ह नव्हता, फ्रीजही नव्हता. एक माठ होता आणि चार पंखे होते, त्यांपैकी दोन फिरायचे. या परिस्थितीला बाकीचे लोक गैरसोय म्हणत; काका तिला संस्कृती म्हणत. "गरम अन्नाला चव नसते रे, वाफ असते," असं त्यांचं ठाम मत. "वाफ गेल्यावर जे उरते ते खरं जेवण. गरम पोळी कुणीबी गोड लावून घेतो. ती पोळी दुपारी दीडला काय बोलते ते बघ." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असायचा की हातातली पोळी खरंच काही बोलते की काय, म्हणून मी एकदोनदा कान देऊन बघितलं आहे. काकांचं घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठवाडी शेतकऱ्यांचं. आजोबा इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे त्यांची मराठी विद्यानगरातल्या घरी एक, ऑफिसात दुसरी आणि रिक्षावाल्याशी भांडताना तिसरीच असे. डब्याविषयी बोलताना मात्र तिन्ही एकदम बाहेर पडायच्या.

एकदा एक नकाशा आणायला मी सकाळी सहाला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा या संस्कृतीचं मूळ बघायला मिळालं. बैठकीत पंखा फुल्ल सोडलेला, खाली धुतलेल्या पंचावर आठ पोळ्या अंतर ठेवून मांडलेल्या, शेजारी ताटात बटाट्याची सुकी भाजी पसरलेली, आणि काका मधे मांडी घालून बसलेले. वाफ कोंडून डबा बंद केला की दुपारपर्यंत पोळीचा लगदा होतो, म्हणून डब्यात जाण्यापूर्वी प्रत्येक पदार्थाचा ताप बघायचा हा नियम. हाताची मागची बाजू ते प्रत्येक पोळीला लावत होते. एक पोळी अजून कोमट निघाली, तर तिला पुन्हा झोपवून तिच्यावरून वर्तमानपत्राने वारा घातला. काकू चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "आमच्या पोरीला गोवर आला होता तेव्हा यांनी इतक्यांदा हात लावून पाहिलं नव्हतं बघा." काका म्हणाले, "पोरगी बोलत होती. पोळी बोलत नाही." आदल्या दिवशी पोळी बोलते असं यांनीच सांगितलं होतं, पण पंखा बंद होईल या भीतीने मी वाद घातला नाही.

भाज्यांच्या बाबतीत तर काकांचे कायदे सरकारी कायद्यांहून कडक होते, आणि जास्त पाळले जायचे. भेंडी धुऊन, पुसून, तासभर वाळवून मगच चिरायची. फ्लॉवरला डब्यात मज्जाव, कारण तो स्वतः गप्प बसतो आणि त्याचा वास मजलाभर हिंडतो. नारळ मार्च ते जून बंद. पातळ भाजी म्हणजे मालकाला न विचारता शेजाऱ्याच्या वावरात घुसणारं पाणी. त्यांचा स्वतःचा आठवडा ठरलेला असे. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, धपाटे, चिंचेच्या कोळातला पुलिहोरा भात, मेथीच्या पुऱ्या, कधी मेतकूट-पोहे. सगळे सोशिक, प्रवासाला तयार पदार्थ. मी पहिल्या आठवड्यात फुलके आणि पनीरची रसभाजी नेली. रसभाजी डब्यातून निघून माझ्या बॅगेतून फिरत फिरत लॅपटॉपच्या चार्जरपर्यंत पोचली. काकांनी बॅग उघडून, वाकून, जमिनीची पाहणी करावी तशी पाहणी केली आणि म्हणाले, "हद्दच कायम केलेली नाही रे तू. चल, सुलतान बाजारला चल."

सुलतान बाजारात डबा घेण्याचा तो प्रसंग मी मित्रांना अजून सांगतो, फक्त माझ्या वाट्याचा भाग थोडा कमी करून. काकांनी दुकानदाराकडून एकामागून एक सहा डबे मागवले, प्रत्येकात तांब्याने पाणी भरलं, झाकण लावलं आणि डबा उलटा धरला. कुठे धरला, तर माझ्या डोक्यावर. "याच्या डोक्यावर कायकू?" असं दुकानदाराने माझ्या वतीने विचारलं. काका म्हणाले, "डबा याचा आहे. सांडलं तर यालाच कळलं पाहिजे." पाचव्या डब्यापर्यंत माझा शर्ट खांद्यापासून पाठीपर्यंत भिजला होता आणि दुकानासमोर दहाबारा माणसं जमली होती. सहावा डबा पास झाला. तो मी आजही वापरतो.

या माणसाने हैदराबादेत राहून बिर्याणीसुद्धा थंड खाल्ली. कुणाच्या लग्नात मिळालेली बिर्याणी ते बांधून घेत आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात खाऊन निकाल देत. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा सय्यदभाई जागेवरून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. "ठंडी बिर्यानी? तौबा! इने आदमी नै है, माठ है माठ," एवढंच ते गॅलरीतून बोलले. सय्यदभाई म्हणजे काकांचे मोजणीतले जोडीदार. पूर्वी शेतं साखळीने मोजायचे. साखळीचं एक टोक काकांच्या हातात, दुसरं सय्यदभाईंच्या. तेवीस वर्षं त्यांनी अशी टोकं धरून सगळा तेलंगण पालथा घातला, आणि साखळी गेल्यावरही दोघांमधलं ते अंतर काही कमी-जास्त झालं नाही. काका त्यांना "सय्यद" म्हणत, सय्यदभाई काकांना "साब" म्हणत, आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढत.

आता मुद्द्याचं सांगतो. सय्यदभाईंना पोटात अल्सर झाला होता. डॉक्टरांनी मिरची, तेल, कढत, बर्फगार सगळं बंद केलेलं. दूध मुळातच पचत नसे. दुपारी दीडला गोळी, आणि गोळीआधी पोटात काहीतरी सौम्य हवंच. बायको वारलेली, मुलगा आखातात, घरी रांधणारं कोणी नाही. आणि स्वभाव असा की दुसऱ्याच्या डब्यातला घास घेणार नाहीत. "मुफ्त का नै खाता मैं," म्हणून ते बिस्किटाचा पुडा फोडत आणि गोळी गिळत. काकांनी हे आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी ते आपल्या नेहमीच्या दोन डब्यांखेरीज तिसरा, वेगळा डबा घेऊन आले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "सय्यद, मेरेकु दही का कुछ समझता नै. जरा देख, जमा क्या?"

तो दहीभात होता, पण फ्रीज नसलेल्या माणसाचा. सकाळी दही घातलेला भात दुपारपर्यंत आंबून जातो, म्हणून सकाळी दही घालायचंच नाही. मऊ भात घोटायचा, त्यात कोमट दूध घालायचं, मोजून विरजण लावायचं आणि डबा बंद करायचा. मग बसमध्ये, जिन्यात, टेबलाखाली, गप्पा मारता मारता दही आपलं आपण लागतं आणि बरोबर दीडला तयार होतं. सगळं कौशल्य विरजणात. मे महिन्यात पाव चमचा, पावसाळ्यात एक, डिसेंबरात दोन आणि वर डब्याला टॉवेल. हवा बदलली की माप बदललं. काका सकाळी गच्चीवर जाऊन उभे राहत, नाकाने हवा ओढत आणि खाली येऊन चमचा उचलत. आणि रोज दीडला तोच कार्यक्रम. सय्यदभाई झाकण उघडत, चमचा उभा खुपसून बघत, एक घास तोंडात घोळवत, आणि मग निकाल. निकाल कधीच बरा नसे. "परसों का अच्छा था." किंवा, "जमा, मगर दिल से नै जमा." किंवा नुसतंच, "हूं." मग तपासणीचं काम पूर्ण करायचं म्हणून ते सगळा डबा संपवत, स्वतः घासूनपुसून परत देत, आणि गोळी घेत. परीक्षकाला फुकट खाल्ल्याचा डाग लागत नाही. काका मान खाली घालून निकाल ऐकत, आणि मला पुष्कळ दिवसांनी कळलं की त्यांना स्वतःला दहीभात अजिबात आवडत नाही.

मग आमच्या कंपनीला चांगले दिवस आले, म्हणजे आमचे वाईट. ऑफिस आबिड्सहून उठलं आणि शहराच्या पश्चिमेला एका काचेच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर गेलं. तिथे सगळं होतं. दोन फ्रीज होते, चार मायक्रोवेव्ह होते आणि त्यांच्यासमोर रांग होती. दोन मिनिटं अन्न गरम करायला माणसं पंचवीस मिनिटं उभी राहत, आणि पुढच्याच्या डब्यात मासे निघाले की मागचे सगळे आपल्या डाळीकडे दुःखाने बघत. गरम झालेलं जेवण टेबलापर्यंत नेऊन, त्याचा फोटो काढून, कुणाचातरी फोन घेऊन खाईपर्यंत ते काकांच्या दशमीइतकंच थंड व्हायचं. ऑफिसने भिंतीवर 'ताजे खा, आनंदी राहा' अशा अर्थाचं इंग्रजी पोस्टर लावलं होतं, आणि त्याच्याखाली कुणाच्यातरी उरलेल्या सॅलडची बरणी तीन दिवस उभी होती. काका रांगेच्या शेजारून डबा घेऊन शांतपणे जात आणि पहिल्या मिनिटाला जेवायला बसत. एवढ्यापुरता त्यांचा विजय झाला.

पण त्या इमारतीत वातानुकूलन होतं, आणि तेही असं की मे महिन्यात माणसं शाल घेऊन बसत. पहिल्या दिवशी दीड वाजता सय्यदभाईंनी झाकण उघडलं, चमचा उभा केला, तो आडवा झाला. एक घास घेतला. "साब, ये तो खीर है. शक्कर भूल गए." दही लागलं नव्हतं. दूध ते दूधच होतं, आणि दूध सय्यदभाईंना चालत नव्हतं. त्यांनी झाकण लावलं, बिस्किटाचा पुडा काढला आणि गोळी गिळली. दुसऱ्या दिवशी काकांनी विरजण दुप्पट केलं, तिसऱ्या दिवशी चौपट, तर भात वरून आंबट आणि आतून दुधाळ झाला. आयुष्यभर फ्रीज नसलेल्या ऑफिसात डबा पिकवलेल्या माणसाला कंपनीने अख्ख्या फ्रीजमध्येच नेऊन बसवलं होतं. चौथ्या दिवशी सय्यदभाई पोट धरून लवकर घरी गेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि काका संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मग सुरू झाली उबेची शोधाशोध. काकांनी डबा काचेच्या खिडकीत ठेवून पाहिला, पण त्या काचेतून उजेड यायचा, ऊन यायचं नाही. झेरॉक्स मशीनवर ठेवला, तर लोक त्याच्यासकट कागद काढू लागले. शेवटी मीच बोलून गेलो की सर्व्हरच्या खोलीत समोरून गारठा असला तरी यंत्रांच्या पाठीमागे गरम वारा येतो. काकांचे डोळे चमकले. दुसऱ्या सकाळी, माझ्या कार्डाने दार उघडून, टॉवेलात गुंडाळलेला डबा आम्ही यंत्रांच्या मागे नेऊन ठेवला. साडेबाराला सुरक्षा तपासणीच्या माणसांना तो दिसला. अनोळखी, धातूची, कापडात बांधलेली वस्तू. भोंगा वाजला, नऊच्या नऊ मजले जिन्याने खाली उतरवले, शेकडो माणसं आपापले न गरम झालेले डबे घेऊन पार्किंगमध्ये उभी राहिली. अर्ध्या तासाने शिरस्त्राण घातलेला एक अधिकारी हात लांब करून डबा खाली घेऊन आला आणि सगळ्यांना मागे सरायला सांगून झाकण उघडलं. गर्दीतून सय्यदभाई पुढे झाले, खिशातला चमचा काढून त्यांनी डब्यात उभा केला. चमचा उभाच राहिला. "साब!" ते तिथूनच ओरडले, "जम गया!"

चौकशी झाली. एचआरच्या मॅडम मुंबईच्या, वयाने काकांच्या मुलीएवढ्या. "काका, सिरियसली, इतका मोठा फ्रीज आहे ना? नाहीतर टू मिनिट्स मायक्रोवेव्ह करायचं. इश्यू काय आहे?" काका म्हणाले, "बाई, दही मायक्रोवेव्हात ठेवली तर पानी एकीकडे, चोथा एकीकडे. आणि फ्रीजात ठेवली तर लागतेच कशाला?" मॅडमनी दार कोणाच्या कार्डाने उघडलं ते विचारलं. मी उठणार तेवढ्यात काकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि दार उघडंच होतं असं साफ खोटं सांगितलं. सय्यदभाईंचं तर नावच काढलं नाही. दहीभाताची हौस आपलीच, असं लिहून देऊन त्यांनी तंबीचं पत्र घेतलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सय्यदला कळू देऊ नको. तो खायचं सोडेल."

तोडगा सापडला तो गेटवर. इमारतीचा वॉचमन यादगिरी, त्याची पत्र्याची केबिन, वर ऊन, आत एक स्टूल आणि हवा खरीखुरी हैदराबादची. काकांनी आत पाऊल टाकलं, नाकाने हवा ओढली आणि म्हणाले, "अर्धा चमचा." तेव्हापासून सकाळी डबा केबिनीत ठेवायचा आणि दीडला आम्ही तिघांनी नऊ मजले उतरून तिथे जेवायला जायचं असं सुरू झालं. यादगिरी दहीभाताला तेलुगूत पेरुगन्नम म्हणायचा आणि डब्यावर पहारा ठेवायचा. सय्यदभाईंचा निकाल पुन्हा वाईट लागू लागला, आणि काका पुन्हा बोलू लागले.

गेल्या डिसेंबरात काका निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मॅडमनी त्यांना कंपनीचा आधारस्तंभ म्हटलं आणि गरम समोसे वाटले. काकांनी आपला समोसा रुमालात बांधला. मग मला केबिनीत नेऊन तिसरा डबा माझ्या हातात दिला, आणि डब्यात ठेवलेला विरजणाच्या मापाचा पितळी चमचा. "सय्यदच्या नोकरीची अजून दोन वर्षं आहेत," ते म्हणाले. "तुला काही येत नाही, असंच सांग त्याला. खरंच आहे म्हणा ते." मी डबा उलटा करून झाकण बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे साडेचारला उठलो. भात घोटला, दूध कोमट केलं, गच्चीवर जाऊन हवा ओढली. मला फक्त थंडी वाजली. दोन चमचे विरजण घालून डबा टॉवेलात बांधून नेला. दीडला केबिनीत सय्यदभाईंनी झाकण उघडलं आणि चमचा उभा केला. चमचा हळूहळू कलला आणि कडेला टेकला. मी खाली बघत म्हणालो, "सय्यदभाई, मेरेकु कुछ समझता नै. जरा देखो, जमा क्या?" त्यांनी एक घास तोंडात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाले, "जमा. मस्त जमा बेटा." मग ज्यांना दूध पचत नाही ते सय्यदभाई सगळा दूधभात शेवटच्या शितापर्यंत जेवले.

ते डबा घासायला नळावर गेले तेवढ्यात माझा फोन वाजला. काकूंचा होता. "अरे, हे ताट समोर घेऊन बसलेत. गरम पोळी वाढली आहे, हातच लावीनात. म्हणतात फोन कर." मग काकांचा आवाज आला. "लागलं का?"

"लागलं," मी म्हणालो.

"सय्यद काय म्हणाला?"

"म्हणाले, मस्त जमा."

तेवीस वर्षं साखळीचं दुसरं टोक धरलेल्या माणसाचा पहिल्या घासाला चांगला निकाल कसा लागतो, हे काकांना माझ्यापेक्षा बरंच जास्त ठाऊक होतं.

"त्याला चिमूटभर ओवा दे," ते म्हणाले. "आणि उद्या एक चमचा वाढव. चल, ठेवतो. माझी पोळी थंड झाली आता, जेवून घेतो."